विश्लेषण : मधुमेही मुलांसाठी चालायचे, पण जमलेला पैसा कुठे जावा?

१४ नोव्हेंबर हा बालदिन. इन्सुलिनच्या शोधकर्त्यांपैकी एक, फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मही याच तारखेचा, म्हणून तो जागतिक मधुमेह दिनही असतो. त्या दिवशी अनेक शहरांत मधुमेहाबाबत जागृतीसाठी पदयात्रा निघतात. मुलांच्या मधुमेहावरील संशोधनासाठी चंद्रपूर किंवा गडचिरोलीत अशी पदयात्रा काढायची ठरली, तर पैसा कसा उभा राहील आणि तो कशासाठी वापरायला हवा?

मुलांचा मधुमेह वेगळा कसा?

मुलांमध्ये मुख्यतः आढळतो तो टाइप १ मधुमेह. तो गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. गोळ्या, काढे किंवा पथ्य यांनी भागत नाही; रोज इन्सुलिन टोचावेच लागते. खूप तहान, वारंवार लघवी, अंथरूण ओले होणे आणि वजन झपाट्याने घटणे ही लक्षणे. ती ओळखली गेली नाहीत तर उलट्या, पोटदुखी, धाप सुरू होते आणि मूल बेशुद्ध पडू शकते. हिवतापाच्या पट्ट्यात अशा आजारी मुलाचे बोट आधी मलेरियासाठी टोचले जाते. त्याच वेळी रक्ताचा आणखी एक थेंब ग्लुकोमीटरच्या पट्टीवर घेतला, तर निदान काही सेकंदांत होऊ शकते.

चालण्यातून संशोधन कसे होते?

अमेरिकेत मधुमेही मुलांच्या पालकांनी १९७० मध्ये ‘जेडीआरएफ’ ही संस्था उभारली. २०२४ पासून तिचे नाव ‘ब्रेकथ्रू टी१डी’ आहे. तिच्या पदयात्रांत चालणारा माणूस नातेवाईक, शेजारी, सहकारी यांच्याकडून देणग्या गोळा करतो. म्हणजे एका सहभागीमागे अनेक देणगीदार असतात. ज्या संशोधनाला या संस्थेने बळ दिले, त्यातूनच टेप्लिझुमॅब हे औषध पुढे आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आजार उंबरठ्यावर असताना दिल्यास ते त्याची सुरुवात सरासरी दोन वर्षे लांबवते.

आपल्याकडे बरेचदा सगळी भिस्त प्रवेश शुल्कावर असते. समजा, ३०० जण प्रत्येकी २०० रुपये देऊन चालले. जमा झाले ६० हजार. साखर तपासण्याची एक पट्टी २० रुपयांची धरली आणि दिवसाला चार वापरल्या, तर एका मुलाला वर्षाला सुमारे २९ हजार रुपये लागतात. म्हणजे अख्ख्या पदयात्रेत दोन मुलांच्या वर्षभराच्या पट्ट्या झाल्या. त्यातून टी-शर्ट, मंडप, फलक यांचा खर्च गेला की एकाच मुलाचे भागेल. एवढ्या रकमेला ‘संशोधन निधी’ म्हणणे जरा धाडसाचेच.

मग आधी काय, उपचार की संशोधन?

विदर्भात याचे उत्तर उपचारांपासून सुरू झाले. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी उभ्या केलेल्या ‘ड्रीम ट्रस्ट’ने नव्वदच्या दशकापासून गरीब घरांतील टाइप १ मधुमेही मुलांना इन्सुलिन आणि तपासणीचे साहित्य पुरवले. पण सिरोंचा किंवा भामरागडच्या मुलासाठी नागपूर ही रोजची वाट नव्हे. तेथे नियमित पुरवठा हाच पहिला खर्च.

तरीही संशोधनाचे प्रश्न याच मातीतले आहेत. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि फ्रिज प्रत्येक घरात नसतो. विविध देशांतील मातीच्या भांड्यांची चाचणी घेऊन २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती भांडी तापमान उतरवतात असे दिसले. हवा कोरडी असेल तर अधिक. मग पावसाळी दमटपणात माठ किती साथ देतो, हे येथील घरांत मोजून पाहण्यासारखे आहे. त्यासाठी प्रयोगशाळा नव्हे, काही तापमापक आणि नोंद ठेवणारी माणसे लागतात.

दुसरा प्रश्न सिकलसेलचा. या दोन्ही जिल्ह्यांत तो मोठा आजार आहे. त्यात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी ‘एचबीए१सी’ चाचणी खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवू शकते. अशा मुलाची साखर आटोक्यात आहे, असा चुकीचा दिलासा मिळण्याचा धोका असतो.

पैसे गोळा करण्याचे नियम काय?

नोंदणीकृत न्यास नसलेल्या मंडळाला किंवा गटाला लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे असतील, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ क लागू होते. गणेश मंडळे दरवर्षी धर्मादाय आयुक्तालयाकडे अर्ज करतात तो याच कलमाखाली. आधीच नोंदणी असलेल्या संस्थेच्या खात्यावर थेट देणगी घेणे त्यापेक्षा सोपे. संस्थेला ८०जी मान्यता असेल तर देणगीदाराला करसवलतही मिळू शकते. मात्र दोन हजारांहून अधिक रोख रकमेवर ती मिळत नाही. त्यामुळे फलकावर क्यूआर कोड छापताना तो आयोजकाच्या वैयक्तिक खात्याचा नाही ना, हे पाहावे.