समुद्रसिंह : देहरचना आणि जीवनक्रम

नाकावर चेंडू तोलून धरणारा एक गुळगुळीत अंगाचा प्राणी मुलांनी चित्रांच्या पुस्तकात पाहिलेला असतो. चित्राखाली पुष्कळदा ‘सील’ असे नाव छापलेले असते. परंतु तो प्राणी बहुधा सील नसून समुद्रसिंह असतो. या दोहोंतील भेद ओळखणे हा निसर्ग-परिचयाच्या तासाला एक चांगला पाठ होऊ शकेल. वर्गीकरण म्हणजे नावे पाठ करणे नव्हे, तर अवयव नीट पाहणे होय, ही गोष्ट त्यातून मुलांच्या मनावर सहज ठसते.

पहिली खूण कानाची. समुद्रसिंहास लहानशी कानपाळी असते. खऱ्या सीलच्या डोक्यावर कानाच्या जागी नुसते छिद्र दिसते. दुसरी खूण चालण्याची. समुद्रसिंहास आपले मागचे वल्ह्यासारखे पाय पोटाखाली पुढे वळविता येतात, म्हणून तो चारही पायांवर चालतो आणि खडकही चढतो. सीलला हे साधत नाही. जमिनीवर तो पोटाने सरपटतो. पाण्यात पोहताना समुद्रसिंह पुढच्या पायांनी पाणी मागे लोटतो, तर सील मागच्या पायांनी.

समुद्रात राहतो म्हणून हा मासा नव्हे. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, त्याच्या अंगावर केस असतात आणि मादी पिल्लांना दूध पाजते. कुत्रा, अस्वल, वाघ हे ज्या मांसाहारी गणात येतात, त्याच गणात त्याची गणना होते. कातडीखालील चरबीचा थर थंड पाण्यात अंगातील ऊब राखतो. बुडी मारताना नाकपुड्या मिटतात, हृदयाचे ठोके मंदावतात आणि रक्त मुख्यतः मेंदू व हृदय यांच्याकडे वळते. अंधाऱ्या पाण्यात मिशांचे राठ केस त्याच्या उपयोगी पडतात. मासा पुढे निघून गेल्यावर पाण्यात जी खळबळ उरते, तिचा माग त्याला या केसांनी लागतो.

समुद्रसिंहाच्या जातींपैकी कॅलिफोर्नियाच्या समुद्रसिंहाचा अभ्यास विशेष झाला आहे. अमेरिकेचा पश्चिम किनारा आणि मेक्सिको येथे तो आढळतो. पूर्ण वाढलेला नर सुमारे ३५० किलोग्रॅम भरतो. मादी १०० किलोग्रॅमच्या आसपास. उन्हाळ्यात हे प्राणी बेटांवर जमतात. प्रत्येक बलाढ्य नर किनाऱ्याचा एक तुकडा आपला मानून तो राखतो, भुंकण्यासारखा आवाज सतत करतो आणि जागा सुटू नये म्हणून कित्येक आठवडे अन्नाशिवाय काढतो.

मादीस एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते. पहिला आठवडाभर ती त्याच्याजवळ राहते. नंतर मात्र तिला माशांसाठी समुद्रात जावे लागते. दोन-तीन दिवसांनी परतल्यावर ती हाक घालते, शेकडो पिल्लांतून तिचे पिल्लू ओ देते आणि जवळ येताच ती त्याचा वास घेऊन खात्री करून घेते. दुसऱ्याचे पिल्लू जवळ आल्यास ती त्यास बहुधा दूर लोटते. म्हणून आई परतली नाही, तर पिल्लास दुसरा आधार उरत नाही.

यामुळे मासे किनाऱ्यापासून किती दूर आहेत, यावर पिल्लाचे जगणे अवलंबून असते. प्रशांत महासागराचे पाणी उबदार होण्याचा ‘एल निनो’ नावाचा प्रकार काही वर्षांच्या अंतराने घडतो. तेव्हा मासे दूर जातात किंवा दुर्मिळ होतात, मातांना परतण्यास विलंब लागतो आणि पिल्ले उपाशी राहतात. १९८३ व १९९८ मध्ये याचा मोठा फटका बसला. २०१५ मध्येही समुद्र उबदार असता हजारो कृश पिल्ले कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर येऊन पडली.

मनुष्याचा वाटाही यात आहे. चरबीच्या तेलासाठी व कातड्यासाठी या प्राण्यांची पूर्वी बेसुमार शिकार झाली. जपानी समुद्रसिंह विसाव्या शतकात पृथ्वीवरून नाहीसा झाला, त्यास शिकार हे प्रमुख कारण होते. उलट, अमेरिकेने १९७२ मध्ये सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. तेथील समुद्रसिंहांची संख्या १९७५ मध्ये ९०,००० हून कमी होती, ती २०१२ मध्ये सुमारे तीन लाखांवर गेली. एक जात गेली ती परत आणता येत नाही. दुसरी वेळीच राखली, म्हणून उरली.

आपल्या किनाऱ्यावर हा प्राणी नाही, म्हणून पाठ चित्रावरूनच द्यावा लागेल. मुलांना स्वतःचा दंड, कोपर, मनगट व पाच बोटे चाचपून पाहण्यास सांगावे. तीच हाडे समुद्रसिंहाच्या वल्ह्यात आकार बदलून आलेली आहेत. त्यानंतर फळ्यावर ‘उबदार पाणी, दूर गेलेले मासे, उशिरा परतणारी आई, उपाशी पिल्लू’ अशी साखळी काढावी. अशीच साखळी आपल्या गावातील विहीर, शेत किंवा ओढा यांविषयी मुलांकडून तयार करून घ्यावी. ती त्यांना जुळविता आली, म्हणजे पाठाचा हेतू साधला असे समजावे.