मर्ज करताना गिट नेमकं काय पाहतं?

लिनक्सच्या कामासाठी वापरात असलेली, कोडच्या आवृत्त्या सांभाळणारी बिटकीपर ही प्रणाली २००५ साली मोफत मिळेनाशी झाली. तेव्हा लिनक्सचे जनक, ओरेगनमध्ये राहणारे लिनस टोरवाल्ड्स यांनी ३ एप्रिलला गिट लिहायला घेतलं आणि १८ एप्रिलला त्यात अनेक ब्रँचचं पहिलं मर्ज झालंसुद्धा. या घाईतही एक गोष्ट त्यांनी पक्की धरली होती: इतिहास नीट जपला, तर मर्ज सोपं होतं.

समजा, न्यू जर्सीतल्या एका मराठी मंडळाच्या वेबसाइटवर गणेशोत्सवाची माहिती आहे. वर 'पूजा १० वाजता', बरंच खाली 'स्थळ: शाळेचा हॉल'. एका ब्रँचमध्ये कुणी पूजा ११ची केली, दुसरीत कुणी हॉलच्या जागी मंदिर लिहिलं. या दोनच फायली शेजारी ठेवल्या, तर दोन ओळींत फरक आहे एवढंच दिसतं. कोणती ओळ जुनी, कोणती नवी, हे कळायला मार्ग नाही. म्हणून गिट तिसरी फाइल शोधतं: दोन्ही ब्रँच जिथून फुटल्या, तिथली, म्हणजे समान पूर्वजातली. तिच्यात १० आहे, म्हणजे ११ हा मुद्दाम केलेला बदल. दुसऱ्या ब्रँचने त्या ओळीला हातच लावलेला नाही. मग ११ घ्यायचं. स्थळाचंही तसंच.

दोघांनी तीच ओळ, किंवा अगदी लगतच्या ओळी, वेगवेगळ्या बदलल्या, तर मात्र कॉन्फ्लिक्ट येतो. गिट दोन्ही मजकूर खुणांमध्ये ठेवून थांबतं. निर्णय माणसाने घ्यायचा, खुणा काढायच्या आणि कमिट करायचं. या कमिटला दोन पालक असतात, त्यामुळे पुढच्या वेळी समान पूर्वज आपोआप सापडतो. सीव्हीएस या जुन्या प्रणालीत मर्जची अशी नोंदच राहत नसे. सबव्हर्जन या तिच्यानंतरच्या प्रणालीत ती २००८ साली, १.५ आवृत्तीत आली.

खरा धोका कॉन्फ्लिक्ट न येणाऱ्या मर्जमध्ये असतो. पूजा ११ला सरकवली आणि दुसऱ्या ब्रँचमध्ये कुणी तळाशी 'महाप्रसाद साडेदहाला' अशी नवी ओळ घातली, तर गिट दोन्ही बदल निमूट घेईल आणि प्रसाद पूजेआधी वाटला जाईल. प्रोग्राममध्येही हेच होतं: एकाने फंक्शनचं नाव बदललेलं, दुसऱ्याने जुन्या नावाने नवा कॉल लिहिलेला. गिट ओळी जुळवतं, अर्थ नाही. म्हणून मर्ज विनातक्रार झालं, तरी पुश करण्याआधी सगळ्या टेस्ट एकदा चालवाच.