टू-सेव्हन्टीची शंभरी

२०२५ साली .२७० विंचेस्टर या काडतुसाला शंभर वर्षं झाली. कोलोरॅडोत एल्कच्या मागे डोंगर चढणाऱ्या आम्हा लोकांना ही शंभरी मोठी वाटावी, अशीच ती होती. पण त्याच वर्षी हंगामाच्या तोंडावर आमच्या भागातल्या एका मोठ्या दुकानात गेलो, तर काउंटरवरचा तरुण पहिल्यांदाच रायफल घ्यायला आलेल्या जोडप्याला सांगत होता, की टू-सेव्हन्टी आजोबांच्या काळात ठीक होती, एल्कला आता ७ एमएम पीआरसीच घ्या. त्यातली बाई जेमतेम पाच फूट उंचीची. तिला दणका किती सोसेल, दस्ता तिच्या हाताला बेताचा आहे का, किती अंतरावरून बार काढायचा विचार आहे, यातलं एक अक्षरही त्याने विचारलं नाही. तेव्हा जी चीड आली तिच्यामुळेच हा मागोवा लिहायला बसलो.

एल्क म्हणजे सांबरापेक्षाही मोठं हरीण. पुरा वाढलेला नर तीनशे किलोच्या आसपास भरतो. हाडं जाड, छाती खोल, आणि जीव चिवट. फुप्फुसांत गोळी नीट बसली तर शे-दीडशे पावलांत खाली येतो; पोटात किंवा मांडीत बसली तर दोन दऱ्या ओलांडून जातो आणि रात्रभर तडफडतो. काडतूस निवडण्याचा सगळा प्रश्न या दोन वाक्यांत आहे. कोलोरॅडोचा नियमही साधाच आहे: गोळीचा व्यास किमान .२४ इंच, वजन किमान ८५ ग्रेन, ती लागल्यावर पसरणारी असावी, आणि शंभर यार्डांवर तिच्यात हजार फूट-पौंड जोर उरलेला असावा. बाकीचं कायद्याने शिकाऱ्याच्या अकलेवर सोडलं आहे.

सुरुवातीची पाऊणशे वर्षं मी भराभर ओलांडतो, कारण त्यांच्यावर ढीगभर लिहून झालं आहे. १९०६ साली अमेरिकी लष्कराने .३०-०६, म्हणजे थर्टी-ऑट-सिक्स, आणलं. त्याच घराण्यातल्या पुंगळीची मान आवळून विंचेस्टरने १९२५ मध्ये .२७० काढलं, १३० ग्रेनची गोळी सेकंदाला तीन हजार फुटांहून अधिक वेगाने जायची, आणि त्या काळी हे ऐकून लोक थक्क व्हायचे. ‘आउटडोअर लाइफ’ मासिकातून जॅक ओ’कॉनर आयुष्यभर टू-सेव्हन्टीची बाजू लढवत राहिले. आयडाहोचे एल्मर कीथ तितक्याच हट्टाने जाड, जड गोळीचा कैवार घेत राहिले. त्या भांडणाचा मला कंटाळा आहे. दोघांनीही ढिगाने एल्क पाडले, यातच त्याचा निकाल लागतो. १९६२ आणि १९६३ साली ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम आल्या, आणि खरं म्हणजे एल्कसाठी लागणारं सगळं तेव्हाच पुरं झालं होतं.

या काळातली एकच गोष्ट थांबून सांगावीशी वाटते, आणि ती काडतुसाची नाही, गोळीची आहे. जॉन नोस्लर यांच्या गोळ्या कॅनडात एका मूसच्या अंगावर वरच्यावर फुटल्या, म्हणून त्यांनी मधोमध तांब्याची आडभिंत असलेली गोळी बनवली. पुढचं शिसं पसरतं, मागचं भिंतीमुळे शाबूत राहून आत घुसत जातं. १९४८ पासून ती ‘पार्टिशन’ नावाने विकली जाते. माझ्या मते एल्कच्या शिकारीत त्या शतकातली सगळ्यात मोठी सुधारणा हीच. तिच्यावर मात्र कुणी कधी वाद घातला नाही.

मी ज्या दशकाबद्दल बोलणार आहे ते २००० ते २०१०, कारण मी शिकार शिकलो ती त्याच वर्षांत. मी मूळचा खडकीचा. दारूगोळा कारखान्याच्या वस्तीत वाढलो, काडतूस हा शब्द घरात भाजी-भाकरीसारखा यायचा. पण शिकारीचा संबंध नव्हता. १९७२ च्या कायद्यानंतर आपल्याकडे तो राहिलाही नाही, आणि ते योग्यच झालं. कोलोरॅडोत गोष्ट वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इथले एल्क संपत आले होते, वायोमिंगमधून आणून सोडावे लागले. आज ते अडीच लाखांच्या वर आहेत, आणि त्यांची राखण मुख्यतः शिकाऱ्यांच्या परवान्यांच्या पैशावर चालते. नोकरीसाठी डेन्व्हरला आलो, सुरक्षेचा सक्तीचा वर्ग केला, आणि आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त टपालवाल्यांनी मला हाताशी धरलं. त्यांच्याकडे विंचेस्टरची १९६४ च्या आधीची मॉडेल ७० रायफल होती, टू-सेव्हन्टीतली. फ्लॅट टॉप्सच्या पायथ्याशी तंबू, शेगडीवर कॉफी, आणि पहाटे चारला त्यांची हाक.

बंदुकीच्या दुनियेत नेमकी त्याच वर्षांत मॅग्नमची साथ आली होती. १९९९ मध्ये रेमिंग्टनची अल्ट्रा मॅग, २००१ मध्ये विंचेस्टरची .३०० शॉर्ट मॅग्नम, पुढच्याच वर्षी .२७० आणि ७ एमएमच्या शॉर्ट मॅग्नम, समोरून रेमिंग्टनच्या तशाच आखूड, २००५ मध्ये .३२५, २००८ मध्ये रुगरच्या नावाच्या आणखी दोन. कल्पना वाईट नव्हती. पुंगळी आखूड आणि जाड केली की कमी दारूत जुन्या मॅग्नमइतका वेग मिळतो आणि रायफल थोडी आखूड, हलकी होते. पण जाड पुंगळ्यांमुळे मॅगझिनमध्ये एक काडतूस कमी बसायचं, काही रायफलींत काडतुसं अडकायची, आणि हलक्या रायफलीतून दणका जास्तच बसायचा. या बाजूंवर मासिकांनी लिहायला हवं होतं. त्यांनी मुखपृष्ठावर थर्टी-ऑट-सिक्सचा मृत्युलेख छापला. दर महिन्याला नवं काडतूस, दर महिन्याला तेच कौतुक, आणि पलीकडच्या पानावर त्याच काडतुसाची जाहिरात. त्या लेखकांना आजही माझा प्रश्न आहे: तुमच्या शब्दावर विसंबून ज्यांनी ७ एमएम शॉर्ट मॅग्नम घेतली, त्यांनी आता काडतुसं कुठून आणायची?

त्या दशकातल्या एका ऑक्टोबरमध्ये आमच्या तळावर दोन एल्क पडले. पहिला टपालवाल्यांचा. अस्पेनच्या राईच्या कडेला, दोनशे यार्डांच्या आत, आडवा उभा. त्यांनी पिशवीवर रायफल टेकवली, श्वास सोडला आणि बार काढला. नर तीस-चाळीस पावलं गेला आणि बसला. सोलताना पलीकडच्या कातड्याखाली १५० ग्रेनची पार्टिशन सापडली. पुढची तांब्याची पाकळी उलटी वळलेली, मागचा अर्धा भाग डब्यातून काढल्यासारखा. त्यांनी ती पुसून माझ्या तळहातावर ठेवली. अजून गरम होती.

दुसरा एल्क आमच्याच तळावरच्या एका पाहुण्याचा. त्याच्याकडे कोरी शॉर्ट मॅग्नम आणि तिच्यात पातळ कवचाची, पटकन फुटणारी गोळी. सावज साठ यार्डांवर आलं. एवढ्या जवळून एवढ्या वेगाने गेलेली ती गोळी खांद्याच्या हाडावरच भुगा झाली. थाळीएवढी जखम, पण खोली चार बोटं. दिवस मावळेपर्यंत आम्ही रक्ताच्या मागावर होतो. मग बर्फ पडायला लागला आणि माग पुसला. सकाळी तो ओढ्यात मेलेला सापडला. मांस आंबलं होतं. काडतुसाच्या डब्यावरचे आकडे पाहिले तर पाहुण्याचं हत्यार टपालवाल्यांच्या रायफलीहून कितीतरी जोरकस होतं. एल्कला गोळीच्या घडणीने आणि ती कुठे बसते त्याने मरण येतं, हे मी त्या ओढ्यात उभा राहून शिकलो.

२००६ च्या मार्चमध्ये न्यू हेवनचा विंचेस्टर रायफलींचा कारखाना बंद झाला. मॉडेल ७० पुढे साउथ कॅरोलिनात पुन्हा बनू लागली, पण टपालवाल्यांनी ती बातमी ऐकून दिवसभर कुणाशी बोलणं टाळलं. आता ते नाहीत, आणि तो तळही मोडला. त्यांच्याबरोबर एक रीतही गेली. संध्याकाळी शेगडीभोवती विचारलं जायचं, ‘किती जवळ गेलास?’ वारा बघून, बुटांचा आवाज न करता, तासभर ओणवं सरकून दीडशे यार्डांवर पोचलेल्याला मान होता. आज विचारतात, किती लांबून मारलास.

कारण पुढचं दशक दूर पल्ल्याचं निघालं. त्याची सुरुवात आधीच झाली होती: २००७ मध्ये स्पर्धेतल्या नेमबाजांसाठी ६.५ क्रीडमूर आली. तिच्यावर माझा राग नाही. लांब, निमुळती गोळी वेग राखते, वाऱ्याने कमी ढळते, दणका सौम्य असतो. चांगली गोळी घालून तीनशे यार्डांच्या आत ती एल्क नक्की पाडते. राग आहे तो तिच्या पाठोपाठ आलेल्या हव्यासावर. २०२१ मध्ये ६.८ वेस्टर्न, २०२२ मध्ये ७ एमएम पीआरसी. यांतही तथ्य आहे. जुन्या टू-सेव्हन्टीच्या नळीतला पीळ दहा इंचांत एक फेरा असतो, म्हणून १५० ग्रेनच्या गोळीपेक्षा फार लांब गोळी तिच्यात स्थिर राहत नाही. नव्यांचा पीळ घट्ट असतो, त्या १६५-१७५ ग्रेन पेलतात. पण हा फायदा चारशे यार्डांच्या पलीकडे दिसू लागतो. सहाशे यार्डांवर पोचायला गोळीला दोन-तृतीयांश सेकंद तरी लागतो. चरणारा एल्क तेवढ्यात एक पाऊल टाकतो, आणि फुप्फुसाची गोळी पोटात जाते. कोणतीही पुंगळी हे पाऊल थांबवू शकत नाही. पडद्यावर आठशे यार्डांचे बार दाखवणारे त्या पावलाचं काय झालं ते दाखवत नाहीत.

नव्या-नव्या काडतुसांच्या या हव्यासाचा भुर्दंड टंचाईत पडला. २०१३ मध्ये आणि पुन्हा महासाथीच्या वर्षांत काडतुसं दुकानांतून गायब झाली. कारखान्यांनी यंत्रं आधी पिस्तुलाच्या आणि एआर रायफलींच्या काडतुसांना लावली, शिकारीची चालू काडतुसं मागे पडली, आणि २००० च्या दशकातली आखूड मॅग्नम तर विसरलीच गेली. तालुक्याच्या ठिकाणाएवढ्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात त्या काळातही कधी एखादा डबा मिळाला, तर तो थर्टी-ऑट-सिक्सचा किंवा टू-सेव्हन्टीचा. घरापासून पाच तासांवर डोंगरात असताना काडतुसांची पिशवी विमानतळावर राहिली, की या गोष्टीचं मोल कळतं.

हल्ली इथली आपली मराठी मुलंमुलीही परवाना काढू लागली आहेत, आणि कुठलं काडतूस घेऊ म्हणून विचारतात. माझं मत एवढंच: .२७०, .३०८, .३०-०६ किंवा ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम, यांतलं जे तुमच्या खांद्याला डोळे न मिटता सोसेल ते. रायफलीवर वाचवलेले पैसे चांगल्या गोळ्यांवर घाला. आडभिंतीची, घट्ट जोडलेली किंवा सबंध तांब्याची, यांपैकी कोणतीही चालेल. मग जून ते सप्टेंबर रेंजवर जा. टेबलावरून नाही, बसून आणि गुडघा टेकून मारा. नऊ इंची कागदी थाळीत ज्या अंतरापर्यंत तुमची प्रत्येक गोळी बसते, तिथपर्यंतच एल्कवर बार काढा. त्याच्या पुढे तो उभा असेल, तर रायफल खांद्याला अडकवा आणि जवळ जा.