रेडिओलहरींचे नियम आणि हरकती-सूचना

रेडिओलहरींच्या वापराचे तांत्रिक नियम म्हणजे मुख्यतः आकडे. कोणत्या पट्ट्यात कोणी प्रक्षेपण करायचे, किती शक्तीने करायचे, शेजारच्या पट्ट्यात किती गळती चालेल आणि दोन वापरांच्या मध्ये किती जागा मोकळी सोडायची, हे त्यात ठरते. आकडा सैल धरला तर एकाचे यंत्र दुसऱ्याच्या यंत्राला बहिरे करते; फार आवळला तर उपयोगी पट्टा वाया जातो. आणि हा आकडा ठरवण्यासाठी लागणारी माहिती सरकारी कचेरीत क्वचितच असते. ती उपकरणे बनवणाऱ्यांकडे, जाळी चालवणाऱ्यांकडे आणि रोज लहरी वापरणाऱ्यांकडे असते. त्यांना विचारल्याशिवाय नियम करता येत नाही, आणि विचारावे तर प्रत्येकाचा त्यात स्वार्थ गुंतलेला.

भारतात हे काम दोन ठिकाणी चालते. दूरसंचार विभागाचा बिनतारी नियोजन व समन्वय कक्ष १९५२ पासून लहरींचे वाटप पाहतो. १९९७ च्या कायद्याने स्थापन झालेले दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, विभागाला शिफारशी करते. काम पारदर्शकपणे करण्याचे बंधन ट्रायवर त्या कायद्याच्या ११ व्या कलमानेच घातले आहे. ते बंधन कागदापुरते नाही, हे २०१६ मध्ये दिसले. कॉल तुटल्यास ग्राहकाला भरपाई देण्याचा ट्रायचा नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. त्यामागे प्रक्रिया पुरेशी पारदर्शक नव्हती हेही एक कारण होते. सर्वच नियामकांना मसुदा जाहीर करून लोकांचे म्हणणे ऐकणे बंधनकारक व्हावे, असा कायदा करण्याचा विचार संसदेने करावा, असेही न्यायालयाने सुचवले.

ट्रायची पद्धत ठरलेली आहे. विभागाकडून विचारणा आली की ट्राय सल्लापत्र काढते. त्यात विषयाची पार्श्वभूमी, इतर देशांतले नियम आणि शेवटी क्रमांक घातलेले प्रश्न असतात. लेखी म्हणणे मांडायला साधारण चार आठवडे मिळतात, पुढे आणखी दोन आठवडे इतरांच्या म्हणण्याला उत्तर देण्यासाठी. हा दुसरा टप्पा सर्वांत मोलाचा. एका कंपनीने दिलेला आकडा फुगवलेला असेल, तर तो पकडायला प्रतिस्पर्धी कंपनीच्या अभियंत्यांइतके तत्पर दुसरे कोणी नसते. त्यानंतर खुली चर्चा होते आणि मग शिफारशी जातात. शिफारस पटली नाही तर विभाग ती फेरविचारासाठी परत पाठवतो.

या पद्धतीचे एक उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या दौंडचे. तिचा दौंडशी संबंध रेल्वेमुळे येतो. पुणे, सोलापूर आणि मनमाडकडचे मार्ग दौंड जंक्शनवर मिळतात. लोको पायलट, गार्ड आणि स्टेशन मास्तर यांच्यातला संवाद वर्षानुवर्षे वॉकीटॉकीवर चालत आला आहे. चालत्या गाडीशी सतत भरवशाचा संपर्क, गाडीतल्या कॅमेऱ्यांची चित्रे आणि दोन गाड्यांची टक्कर टाळणारी यंत्रणा यांसाठी रेल्वेने ७०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात जागा मागितली. हा पट्टा दूरवर पोचतो, म्हणून मोबाईल कंपन्यांच्याही दृष्टीने तो मोलाचा. ट्रायने २०१९ मध्ये सल्लापत्र काढले. रेल्वेला वेगळा पट्टा देण्यास कंपन्यांच्या संघटनेचा विरोध होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ट्रायने रेल्वेच्या मागणीपेक्षा कमी, म्हणजे ५ मेगाहर्ट्‌झची शिफारस केली आणि जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ती जागा मंजूर केली. सल्लापत्रापासून मंजुरीपर्यंत सुमारे दोन वर्षे गेली. तरी हा वेळ अनाठायी म्हणता येणार नाही, कारण एकदा दिलेला पट्टा परत घेणे फार अवघड असते.

दुसरे उदाहरण त्याच जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातले. तिथे रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे. तिथे दूरचित्रवाणी संचही तयार होतात आणि मोटारीही. संचातला वाय-फाय किंवा मोटारीची दूरनियंत्रित किल्ली यांच्यासाठी ग्राहकाला परवाना काढावा लागत नाही, कारण ठरावीक पट्टे ठरावीक शक्तीपर्यंत परवानामुक्त केलेले आहेत. असे नियम विभाग स्वतः राजपत्रात मसुदा छापून करतो. मे २०२५ मध्ये ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्‌झ हा वाय-फायसाठीचा नवा पट्टा मोकळा करण्याचा मसुदा निघाला आणि हरकती-सूचनांसाठी ३० दिवस दिले गेले. घराच्या आत १ वॉटपर्यंत आणि बाहेर फक्त २५ मिलिवॉटपर्यंत शक्ती, शिवाय ड्रोनवर मनाई, असे त्याचे स्वरूप होते. आत आणि बाहेर यांत चाळीसपट फरक ठेवण्याचे कारण साधे आहे. याच पट्ट्यात जमिनीवरून उपग्रहाकडे संदेश जातात; भिंती लहरी अडवतात, उघड्यावर त्या अडत नाहीत. मोबाईल कंपन्यांना हा पट्टा आपल्या सेवेसाठी हवा होता, तंत्रज्ञान कंपन्यांच्या संघटनेला वाय-फायसाठी. दोन्ही बाजूंकडे आकडेमोड होती.

काही वेळा नियम एका जागेपुरता असतो. विमान जमिनीपासून किती उंचावर आहे हे मोजणारे यंत्र ४२०० ते ४४०० मेगाहर्ट्‌झवर चालते आणि ५जीचा मुख्य पट्टा त्याच्या थोडा खाली आहे. म्हणून नोव्हेंबर २०२२ मध्ये पुणे आणि नागपूर यांसारख्या विमानतळांभोवती मर्यादा घातली गेली. धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरपर्यंत ५जीच्या त्या पट्ट्याचे मनोरे उभारायचे नाहीत, असे ठरले. विमानांतली यंत्रे बदलून होईपर्यंतची ही सोय होती.

मात्र ज्याच्याकडे प्रक्षेपक नाही, ग्राहक नाहीत आणि महसूलही नाही, त्याचे काय? शिरूर लोकसभा मतदारसंघातच, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. ती फक्त ऐकते. दूरच्या आकाशगंगांतून येणारा संकेत इतका क्षीण असतो की मोबाईलचा मनोरा किंवा विजेच्या गाडीची ठिणगीही त्याला झाकून टाकते. पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग बदलण्याचे ठरले, त्यामागे हीच अडचण होती. लहरींच्या बाबतीत दुर्बिणीला आधार आहे तो आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीतल्या तळटिपांचा. १५०.०५ ते १५३ आणि ६०८ ते ६१४ मेगाहर्ट्‌झ हे पट्टे भारतात रेडिओ खगोलशास्त्रालाही प्राथमिक दर्जाने दिलेले आहेत, असे त्या तळटिपा सांगतात. दुसऱ्या पट्ट्याचा ५जीसाठी २०२२ च्या लिलावात ठेवलेल्या ६०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्याशी थेट संबंध येतो. त्या पट्ट्याला तेव्हा बोली लागली नाही. लागेल तेव्हा खोडदच्या शास्त्रज्ञांनी आपली मोजमापे वेळेत मांडलेली असणे अत्यंत गरजेचे आहे. सल्लामसलतीत लिहून न दिलेले नुकसान विचारात घेतले जात नाही.

हरकत पाठवायला कंपनी असावे लागत नाही. मसुद्यातला नियम क्रमांक, आपला मुद्दा आणि शक्य तर मोजलेला पुरावा, एवढे पुरते. अडचण भाषेची आहे. राजपत्रातला मसुदा हिंदी आणि इंग्रजीत छापला जातो आणि तांत्रिक चर्चा बहुतेक इंग्रजीतच होते. रांजणगावचा लघुउद्योजक किंवा दौंडचा रेल्वे कर्मचारी आपला अनुभव मराठीत सांगू शकेल, पण तो अनुभव विचारणारा प्रश्न त्याच्यापर्यंत मराठीत पोचत नाही. निदान प्रश्नांचा भाग तरी प्रादेशिक भाषांत काढला, तर लहरी प्रत्यक्ष वापरणाऱ्यांचीही उत्तरे येऊ लागतील.