बॅटरीचा आकडा आणि खरी शिल्लक

कांजूरमार्गच्या आमच्या वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसे राहतात. मुलांनी अभ्यास करायचा कुठे? म्हणून आम्ही काही मंडळी वर्गणी काढून एक लहानशी अभ्यासिका चालवतो. तिथे विजेची जोडणी नाही. पत्र्यावर सौर पॅनेल, खाली १५० अ‍ॅम्पिअर-अवरची पाण्याची बॅटरी, त्यावर चार दिवे आणि दोन पंखे.

ऐन दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर गडबड सुरू झाली. संध्याकाळी मीटर १०० टक्के दाखवी. दिवे-पंखे लावले की तासाभरात २० टक्के, आणि नऊच्या आत अंधार! मिस्त्री म्हणाला, "बॅटरी गेली, नवी घ्या." नव्या बॅटरीएवढे पैसे फक्त मुलांच्या वह्या-पुस्तकांच्या निधीत होते. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "भाऊ, पैसे पोरांच्या वह्यांचे आहेत. आधी नीट बघा तरी."

आम्ही पडलो हिशेबाचे माणूस. वहीतली शिल्लक आणि गल्ल्यातली रोकड जुळते का, हे आम्ही रोज पाहतो. मग इथे का नको? वाचकहो, मीटरवरचे टक्के म्हणजे वहीतली शिल्लक. रोकड बॅटरीत असते.

साधा मीटर फक्त व्होल्ट पाहून टक्क्यांचा अंदाज करतो. ऊन असताना १२ व्होल्टच्या बॅटरीवर १४ च्या पुढे आकडा दिसतो, तो चार्जिंगचा असतो. पंखे लागले की व्होल्ट खाली येतात, तोही खरा आकडा नव्हे. म्हणून पॅनेल आणि दिवे दोन्ही बंद ठेवून तीन-चार तास बॅटरीला विश्रांती द्यावी आणि मग मोजावे. १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास निम्मी, ११.९ म्हणजे जवळजवळ रिकामी.

याहून पक्की परीक्षा हायड्रोमीटरची. सहाही खणांतील अ‍ॅसिडची ग्रॅव्हिटी घ्यावी. पूर्ण भरल्यावर ती साधारण १२४० असते. एखादाच खण तीसेक अंकांनी मागे असेल, तर बॅटरीतच दोष आहे. आमचे सहाही खण सारखे निघाले, फक्त अर्धवट भरलेले.

मग पंखे चालू ठेवून दोन ठिकाणी व्होल्ट मोजले. बॅटरीच्या टर्मिनलवर १२.२, मीटरपाशी ११.३! मधले ०.९ व्होल्ट गेले कुठे? धन टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार साचला होता आणि वायरीचे टोक गरम लागत होते. या एका सैल जोडामुळे दिवसा कंट्रोलरला व्होल्ट जास्त दिसत, म्हणून तो चार्जिंग लवकर आवरते घेई. रात्री व्होल्ट कमी दिसत, म्हणून तो दिवे बंद करी. दोन्ही वेळा आकडा खोटा!

आधी पॅनेल तोडले, मग बॅटरीची ऋण वायर, मग धन. खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने टोके घासली, कोरडी केली, पान्याने आवळली आणि वर व्हॅसलीन लावले. सोडा खणांत जाऊ नये म्हणून झाकणे घट्ट लावली होती. दोन दिवस भरपूर ऊन दिले. आता दिवे रात्री अकरापर्यंत जळतात. खर्च आला सोड्याच्या पुडीचा.

ज्यांच्या घरी लिथियम बॅटरी आहे, त्यांची गोष्ट वेगळी. तिचे व्होल्ट बराच काळ जवळपास सारखेच राहतात. म्हणून चांगला मीटर आत-बाहेर गेलेला करंट मोजून जमाखर्च ठेवतो. त्यात रोज थोडी चूक साठत जाते. मधूनमधून बॅटरी पूर्ण भरू दिली की ताळमेळ बसतो. मीटरमध्ये बॅटरीचा प्रकार आणि क्षमता बरोबर भरली आहे ना, हेही पाहावे.

एवढी काळजी मात्र घ्याच: अ‍ॅसिडपासून डोळे-हात जपा, अंगठी-बांगडी काढा, जवळ काडी पेटवू नका. खणांत नळाचे नव्हे, डिस्टिल्ड वॉटरच घाला.

आमच्या शेजारच्या पवईच्या आय.आय.टी.ने खेड्यांतील विद्यार्थ्यांसाठी सौर दिव्यांचा मोठा उपक्रम राबवला, तेव्हा दिव्यांची जुळणी आणि दुरुस्ती गावातल्याच माणसांना शिकवली. आपल्या वस्तीतही दोन मुलगे, दोन मुली एवढे शिकल्या, तर मिस्त्रीच्या एका शब्दावर वह्यांचा निधी रिकामा होणार नाही. आमच्या मावशींनी तर हायड्रोमीटर वाचायला सुरुवातही केली आहे. दर महिन्याचा आकडा त्या वहीत लिहितात.