जुन्या नकाशातलं पाण्याखालचं गाव

भीमेवरचं उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं. त्याआधीचा, एका इंचाला एक मैल प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा मिळाला तर वर्गात जरूर दाखवा. आज जिथे पाणीच पाणी, तिथे नदीचा अरुंद पट्टा आणि काठाने गावं दिसतात. इंदापूर तालुक्यातलं जुनं पळसदेव त्यातलंच. छोटी वर्तुळं म्हणजे विहिरी. गाडीवाटेची तुटक रेषा नदीपाशी थांबून पलीकडे पुन्हा सुरू झाली, की तिथे उतार होता, दोन्ही काठांचं येणंजाणं होतं असं समजायचं.

आता समोच्च रेषा. उंची फुटांत असते (गणिताचा तासही उरकतो!). धरणाची पूर्ण पातळी सुमारे 497 मीटर, म्हणजे 1630 फूट. 1600 आणि 1650 च्या रेषांच्या मधून मुलांना काठ ओढू द्या, आत निळा रंग भरू द्या. भरता भरता एकेक गावाचं नाव रंगाखाली जातं. पुस्तकातला 'पुनर्वसन' हा शब्द तेव्हा कुठे कळतो.

वर्गात धरणग्रस्त घरातलं मूल असेल तर त्याच्या आजीला बोलवा. मळा कुणाचा, पाणवठा कुणाचा, हे नकाशा सांगत नाही.

उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ अजूनही उघडं पडतं. सहल नेणार असाल तर आधी नकाशात त्याची जागा मुलांनाच शोधू द्या.