विक्री थांबली म्हणून परवाना संपत नाही

वाशीसारख्या तालुक्याच्या गावात एखाद्या पतसंस्थेचा किंवा आडत दुकानाचा वीस वर्षांचा हिशेब आजही फॉक्सप्रो या जुन्या प्रोग्रॅमिंग साधनात असू शकतो. संगणकाने मान टाकली, नवा आणला, की प्रश्न येतो: बंद झालेल्या सॉफ्टवेअरचा परवाना आता मिळवायचा कुठून? पैसे मोजण्याआधी एक फरक ध्यानात घ्यावा. तयार प्रोग्रॅम चालवणे वेगळे, त्यात बदल करणे वेगळे.

मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रो 9 ही शेवटची आवृत्ती 2004 मध्ये आणली. पुढची निघणार नाही, हे 2007 मध्ये जाहीर केले आणि 13 जानेवारी 2015 पासून तिची देखभाल थांबवली. 1998 च्या व्हिज्युअल बेसिक 6 ची देखभाल 8 एप्रिल 2008 ला संपली. तरी या दोन्हींत बनवलेले प्रोग्रॅम विंडोज 11 वरही चालतात. त्यांना लागणाऱ्या रनटाइम फायलींसाठी संस्थेला वेगळा परवाना घ्यावा लागत नाही. व्याजाची पद्धत बदलली, नवा अहवाल हवा असला, तर मात्र प्रोग्रॅमरकडे मूळ साधनाचा परवाना हवा.

खोक्यात विकलेला तो परवाना मुदतीचा नव्हताच. त्यामुळे कोणी नूतनीकरणाचे पैसे मागितले, तर कशाचे ते लेखी विचारावे. मूळ सीडी, प्रॉडक्ट की आणि बिल जपून ठेवावे. डेल्फीचे तसे नाही. बोरलँडचे हे साधन 2008 मध्ये एम्बारकाडेरोकडे गेले आणि आजही विकले जाते. जुन्या आवृत्तीची चौकशी तिथेच करावी.

‘आता कंपनीच विकत नाही, मग कॉपी केली तर काय बिघडले?’ असे सर्रास म्हटले जाते. पण विक्री थांबल्याने मालकी संपत नाही. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 52 नुसार कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला सुरक्षेसाठी बॅकअप घेता येतो. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास कलम 63 ब खाली सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद टाळू शकते.

परवान्याने वेळ मिळतो. त्या वेळेत नोंदी बाहेर काढाव्यात. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फायली मोफत मिळणाऱ्या लिबरऑफिसमध्ये उघडतात. आकडे सहज येतात, अडतात ती मराठी नावे, कारण ती जुन्या फाँटच्या किंवा इस्की (ISCII) या जुन्या संकेतपद्धतीच्या सांकेतिक क्रमांकांत साठवलेली असतात. ती युनिकोडमध्ये बदलून एकेक खाते मूळ वहीशी ताडून पाहावे.

नवा प्रोग्रॅम घेताना सोर्स कोड आणि नोंदी खुल्या स्वरूपात मिळण्याची अट करारात लिहून घ्यावी. ठेवीदाराचा हिशेब एखाद्या कंपनीच्या किंवा एका प्रोग्रॅमरच्या भरवशावर राहता कामा नये.